तू चेंबर म्हणत होतास

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, शहाडच्या पुलावर, रुग्णवाहिकेत तू गेलास. मी तुझ्या पायांशी बसले होते. तुझी रेश्मा डोक्याशी होती. पुलावर गाड्या थांबल्या होत्या.

विनू, याला आज सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत घरी आलेल्या प्रत्येकाने एकच वाक्य म्हटलं: पाण्याने नेलं. जो जन्मभर पाण्यात काम करत होता त्याला पाण्याने नेलं, असं म्हटलं की म्हणणाऱ्याचं काम संपतं आणि त्याला चहा पिता येतो. तुझी ताई चारचौघांत बोलत नाही, हे तुला माहीत आहे. पण पाण्याने तुला नेलं नाही. पाण्यातून तू जिवंत बाहेर आलास. अंगावरचा सूट स्वतः उतरवलास, काठावर बसून चहा घेतलास. तू मेलास तो कोरड्या जमिनीवर, माणसांच्या मध्ये, एकच शब्द पुन्हा पुन्हा सांगत. तो शब्द कोणाला कळला नाही. हे मला लिहून ठेवायचं आहे आणि तुलाच लिहायचं आहे, कारण दुसऱ्या कोणावर ओरडायला गेलं की माझा आवाज फुटत नाही.

तू पाणबुड्या होणार हे अंबरनाथच्या चाळीत सगळ्यांत आधी मला कळलं होतं. पाणी एक दिवसाआड यायचं आणि आई मोरीतलं निळं पिंप काठोकाठ भरून ठेवायची. आई बाजारात गेली की तू त्यात उतरायचास आणि डोकं बुडवून बसायचास. मी बाहेर पाटावर बसून आकडे मोजायची, मांडीवर पुस्तक उघडं. साठ. सत्तर. ऐंशी झाले की माझ्याच छातीत दुखायला लागायचं. तू वर यायचास आणि नाकातोंडातलं पाणी पुसायच्या आधी विचारायचास, "किती झाले?" मी नेहमी दहा जास्त सांगायची, म्हणजे तुझं समाधान होईल आणि तू पुन्हा बुडणार नाहीस. एकदा आई मध्येच आली. "मेल्या, प्यायचं पाणी आहे ते!" म्हणून तिने तुला कानाला धरून बाहेर काढलं, आणि मला जास्त मारलं, कारण मी थोरली होते आणि मी मोजत बसले होते.

मी मोजत बसले होते. हे वाक्य आता मला सोडत नाही.

जांभूळजवळ नदीतून पाणी उचलतात तिथल्या जाळ्यांना अडकलेली जलपर्णी काढण्यापासून तुझं काम सुरू झालं. मग ठेकेदाराकडे, तुमच्या शेठकडे, लागलास, पुलांचे खांब, धरणांचे दरवाजे, खोल पाणी. मी उल्हासनगरला कॉलेजच्या ग्रंथालयात लागले होते. तू कधी कधी दुपारी यायचास, दाराबाहेर उभा राहून खूण करायचास, आणि आपण कॅम्प तीनच्या बाजारात सोडा प्यायला जायचो. तिथेच एकदा तू मला तुझ्या धंद्यातली सगळ्यांत मोठी भीती समजावून सांगितलीस. सोड्याची बाटली हातात घेतलीस आणि झाकण अगदी हळू, केसाएवढं सैल केलंस. बारीक सूं असा आवाज आला, पाणी शांत राहिलं.

"हा मी. थांबे घेत घेत वर आलेला."

मग दुसरी बाटली घेतलीस आणि झाकण एका झटक्यात उडवलंस. फेस माझ्या पदरावर.

"आणि हा पण मीच. शेठला घाई असताना वर आलेला."

गाडीवरचा सिंधी म्हातारा म्हणाला, "अरे साईं, पीने का है के नहाने का?"

"बहन को पढ़ा रहा हूँ, काका."

"बहन तो पढ़ी-लिखी दिखती है. तू पढ़, पहले बाटली पकड़ना पढ़."

तू इतका हसलास की उरलेला सोडाही सांडला. मला मात्र घरी येईपर्यंत तो फेस दिसत होता. खोल पाण्यात माणसाच्या अंगात दाबाने वायू विरघळतो. वर येताना त्याने ठरलेल्या खोलीवर ठरलेला वेळ थांबायचं, म्हणजे तो वायू श्वासावाटे निघून जातो. थांबला नाही तर त्याचे बुडबुडे होतात, रक्तात, सांध्यांत, पाठीच्या कण्यात. त्या थांबण्याला तुम्ही लोक थांबाच म्हणायचात, एस.टी.चा असतो तसा. आणि बुडबुडे झालेच तर इलाज एकच: माणसाला लोखंडी टाकीसारख्या बंद खोलीत घालायचं, पुन्हा खोल पाण्याएवढा दाब द्यायचा आणि तो तासन्‌तास हळूहळू कमी करत आणायचा. त्या खोलीचं नाव चेंबर. ती मुंबईत आहे, आपल्याकडे नाही.

आपल्याकडे चेंबर म्हणजे रस्त्यातला गटाराचा खड्डा. चेंबर तुंबलं, चेंबरचं झाकण चोरीला गेलं, चेंबर उपसायला माणसं आली. अंबरनाथपासून उल्हासनगरपर्यंत कोणालाही विचार.

तीन वर्षांपूर्वी तुला खदानीतल्या पाण्यातून एक प्रेत काढायला बोलावलं होतं. तो तुझा धंदा नव्हता, पण दुसरं कोणी उतरायला तयार नव्हतं, आणि नाही म्हणणं तुला कधी जमलं नाही. त्यानंतर तू जेवणं कमी केलंस. मग बोलणं. रेश्मा मला फोनवर सांगायची, "ताई, हे पहाटेपर्यंत भिंतीकडे बघत बसतात." मी आले, तुझ्या शेजारी बसले, आणि तू म्हणालास, "ताई, गढूळ पाण्यात डोळ्यांना काही दिसत नाही. हाताला लागतं." बस, एवढंच. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि तुला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फ्लुओक्सेटिन लिहून दिलं. खरं तर ती कॅप्सूल होती, पण आपण तिला गोळीच म्हणायचो. दोन महिन्यांनी रेश्माने मला सांगितलं की तू मोरीत गाणं म्हणत होतास, बेसूर, आणि ती दाराबाहेर उभी राहून रडली.

त्या गोळीचे माझ्यावर उपकार आहेत, विनू. हे मी कोणापुढेही म्हणेन. तिने मला माझा भाऊ परत दिला.

मग आपलं भांडण सुरू झालं, जे अजून संपलेलं नाही. दर वर्षी ठेकेदाराचा तब्येतीचा फॉर्म यायचा. त्यात एक रकाना होता: मानसिक आजारासाठी कोणतेही औषध चालू आहे काय? डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं की पाणबुड्यांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरला हे सांग, तो ठरवेल. मी म्हणाले, लिही. तू म्हणालास, लिहिलं की संपलं.

"खोटं लिहिणार आहेस?"

"खोटं कुठे? रिकामा सोडणार."

"रिकामा सोडणं म्हणजे काय मग?"

"ताई, तुझ्या लायब्ररीत ठीक आहे हे. आमच्याकडे एकदा मेंटल म्हटलं ना, की दोरी धरणारा पण हसतो. ज्याच्या हातात माझा जीव तोच हसायला लागला तर मी खाली जाऊ कसा?"

मी ते केलं जे मी नेहमी करते. वाचायला बसले. ग्रंथालयात येणाऱ्या विज्ञानाच्या नियतकालिकांतून, मग कॉलेजच्या संगणकावरून, जे मिळेल ते. आणि एक दिवस मला एक निबंध सापडला. परदेशातल्या संशोधकांनी उंदरांना हीच गोळी दिली होती, तुझीच. मग त्यांना दाबाच्या पेटीत घालून खोल पाण्याएवढा दाब दिला आणि तो झपाट्याने काढून घेतला. गोळी न दिलेल्या उंदरांच्या मानाने गोळी दिलेले कमी उंदीर आजारी पडले, आणि पडले ते बरे सावरले. बुडबुड्यांमुळे शरीरात जी सूज भडकते ती ही गोळी आवरत असावी, असा त्यांचा अंदाज होता. मी तो निबंध छापून घेतला, ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारल्या आणि त्याच संध्याकाळी तुझ्याकडे आले. परीक्षेत पहिली आल्याचा निकाल दाखवायला यावं तशी.

तू पानं उलटीसुलटी करून बघितलीस.

"म्हणजे मी उंदीर?"

"म्हणजे तुझी गोळी लाजेची नाही. पाणबुड्यांना तिचा उपयोग होईल का, हे लोक शोधतायत. आणि तू ती लपवतोयस."

"पण ताई, त्या उंदरांना फॉर्म भरायला लागला नसेल ना?"

रेश्मा स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता घरात उंदीर मारायचं औषध आणायला नको, एक पाळलेलाच आहे." तू उठून उंदरासारखे दात काढून तिच्या मागे लागलास. मग ओट्याला टेकून मला म्हणालास, "चला, म्हणजे आता थांबा घ्यायची कटकट नाही. गोळी खाल्ली की सरळ वर."

मी तुझा दंड धरला. मी कधी कोणाचा दंड धरत नाही. "विनू, हे उंदरांवरचं आहे. माणसांवर कोणी सिद्ध केलेलं नाही. थांबा चुकवलास तर याद राख."

"अगं, गंमत करतोय."

त्या दिवसापासून पाण्यात उतरायच्या आधी तू मला निरोप पाठवायला लागलास: उंदीर चालला. आणि वर आल्यावर: उंदीर वर आला. दीड वर्ष. कधी चुकला नाहीस. मी मनात आकडे मोजायचे सोडून दिले होते, कारण दुसरा निरोप यायचाच.

मंगळवारी सकाळी पहिला निरोप आला. घाटापलीकडच्या धरणावर काम होतं. नंतर मला काम आलं. वार्षिक पुस्तकमोजणी चालू होती. फोन टेबलाच्या खणात होता, मुका करून ठेवलेला. ग्रंथालयाच्या दारावर पाटी आहे, माझ्याच अक्षरात: शांतता राखा. दोन वाजून गेल्यावर मी खण उघडला. तुझे सात फोन येऊन गेले होते. आणि एक निरोप, दोन शब्दांचा: ताई चेंबर.

मला लगेच कळलं. संपूर्ण उल्हासनगरात त्या क्षणी त्या शब्दाचा अर्थ कळणारी कदाचित मी एकटी होते, आणि मी पुस्तकं मोजत बसले होते.

मधल्या वेळात काय झालं ते रेश्माने मला तुटक तुटक सांगितलं आहे. ती सांगते, थांबते, मग पुन्हा पहिल्यापासून सांगते. ठेकेदाराच्या गाडीने तुला घराखाली सोडलं तेव्हा तुझा एक पाय ओढत होता. खांदा धरून तू जिना चढलास. ती म्हणाली, काय झालं? तू म्हणालास, चेंबर. ती म्हणाली, अगबाई, चेंबरमध्ये पडलात? महिन्याभरापूर्वी तुमच्याच गल्लीत एक बाई उघड्या चेंबरमध्ये पडून तिचा पाय मोडला होता. ती तुझ्या पँटला घाण लागलीय का बघायला लागली. तू हात हलवलास, नाही, चेंबरमध्ये न्या. मला चेंबरमध्ये टाका. जीभ जड झाली होती. तिला वाटलं, डोक्याला मार लागलाय.

रिक्षावाल्याने विचारलं, "भाभी, क्या हुआ?"

"चेंबर में गिरे हैं."

"हमारे इधर भी सब खुल्ला पड़ा है. कोई सुनता है क्या?"

असं सगळ्या रस्त्याने गटारांविषयी बोलणं चाललं होतं आणि तू मध्ये बसून चेंबर, चेंबर म्हणत होतास.

उल्हासनगरच्या त्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होता. मी त्याचं नाव लिहिणार नाही, मला ते विसरायचं आहे. त्याने अंग तपासलं. कुठे खरचटलेलं नाही, कुठे मार नाही. मग माणूस गटारात पडला कसा? तुझ्या शर्टाच्या खिशात गोळ्यांचं पाकीट होतं. त्याने ते उलटून वाचलं.

"ये किसका है?"

रेश्मा म्हणाली, "त्यांचंच."

"कब से?"

"तीन साल."

ती म्हणते, ताई, त्याच्यानंतर तो माझ्याशीच बोलायला लागला. त्यांच्याकडे बघेच ना.

हे वाक्य मी रोज वाचते, डोक्यात. त्याच्यानंतर तो तुझ्याकडे बघेच ना. तोपर्यंत तू आजारी माणूस होतास. पाकीट बाहेर आलं आणि तू वेडा झालास. तुला शांत व्हायचं इंजेक्शन दिलं. ते लागू होईपर्यंत तू म्हणत राहिलास.

मी उलट लावलेला फोन रेश्माने उचलला आणि दवाखान्याचं नाव सांगितलं. मी पोचले तेव्हा तुझे डोळे अर्धे उघडे होते. मी डॉक्टरला म्हणाले, हा पाणबुड्या आहे, याला ऑक्सिजन लावा आणि चेंबर असलेल्या ठिकाणी हलवा.

"मॅडम, पेशंट असंबद्ध बोल रहा है. आया तब से गटर-गटर कर रहा है."

"गटर नाही! चेंबर! तो चेंबर म्हणत होता!"

मी ओरडले, विनू. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. बाकावरचे सगळे बघायला लागले. त्याने मला शांतपणे विचारलं, "आप डॉक्टर हो?"

"मी ग्रंथपाल आहे."

तो काही वाईट हसला नाही. त्याने फक्त मान हलवली, जशी आपण लहान मुलापुढे हलवतो. मग मी तुझा फोन उघडून तुझा ओल्या सुटातला फोटो त्याच्या नाकासमोर धरला. तेव्हा त्याचा चेहरा बदलला, हे मला कबूल करायला हवं. मग त्याने धावपळ केली. ऑक्सिजन लावला, मुंबईला फोन केला, गाडी मागवली. पण तोपर्यंत तीन वाजून गेले होते. गाडी शहाडच्या पुलापर्यंत पोचली.

तुझ्या केसपेपरवर त्याने आधीच लिहून ठेवलेलं होतं, इंग्रजीत. अर्थ असा: मानसिक आजाराची औषधे चालू. असंबद्ध बोलणे. त्या दिवसभरात त्या इमारतीत जेवढं काही बोललं गेलं, त्यातला एकच शब्द संबद्ध होता, तो तुझा.

मी तुझ्यावरही रागावले आहे. का नाही सांगितलंस तू रेश्माला? मला सोडा उडवून दाखवलास, मला चेंबर, थांबा, बुडबुडे सगळं शिकवलंस, आणि जी तुझ्या शेजारी झोपते तिला एक शब्द नाही. "ती घाबरेल," म्हणायचास. घाबरली असती तर बरं झालं असतं. घाबरलेल्या माणसाला शब्द लक्षात राहतात. आणि मी? मी तुझ्या खिशात काय ठेवायला हवं होतं? एक चिठ्ठी. मी पाणबुड्या आहे, मला ऑक्सिजन लावा, अमुक ठिकाणी न्या. चार ओळी. मी पुस्तकांवर नंबर चिकटवते, तेच माझं काम आहे. मी तुला उंदरांचा निबंध दिला, रेघा मारून. चिठ्ठी नाही दिली.

आणि पहिले दहा दिवस मला आणखी एक भीती होती, जी मी कोणाला सांगितली नाही. तू ती गंमत खरी धरली असशील तर? गोळी खाल्ली की सरळ वर. माझ्या त्या निबंधाच्या भरवशावर तू थांबा टाळला असशील तर? मी जेवायला बसायची आणि घास हातातच राहायचा.

दहाव्याला पाटीलमामा आले. जांभूळचे, तुझी दोरी धरणारे. साठी उलटलेला माणूस, दारात चप्पल काढून तिथेच उभा राहिला. आत यायला तयार नव्हता. मी पाणी दिलं ते हातात धरूनच ठेवलं.

"ताई, मला एक सांगायचंय. त्यानी थांब्यावर येऊन दोरी तीनदा ओढली. तीनदा म्हंजे, मला इथंच ठेवा. आमची खूण हाय ती. मी हात रोखला. शेट बोलला, वर घे, तिकडं पानी सोडायची वेळ झाली. मी बोललो, शेट, पोराचा टाइम नाय झाला अजून. तं बोलला, काय नाय होत, धट्टाकट्टा हाय. नि माझ्या हातातनं दोरी घेतली नि दोघांनी खेचला त्याला. तो खालनं परत ओढत होता ताई. तीनदा. परत तीनदा."

मी विचारलं, "मामा, तुम्ही दोरी का सोडलीत?"

त्यांनी पेला खाली ठेवला. "सोडली," म्हणाले. "सोडली ताई. नि गाडीत त्याचा खांदा धरला, नि तो बोलला पाय बधिर झालाय, चेंबरला न्या, तवाबी शेट बोलला घरी जाऊन आराम कर, तं मी गप बसलो. आता रोज हाताला कळतं मला. तीन वेळा."

मी त्यांना क्षमा केली नाही. त्यांनी मागितलीही नाही. पण विनू, तू थांबा मागितला होतास. पुन्हा पुन्हा मागितलास. तू ती गंमत गंमतच ठेवली होतीस. त्या रात्री मी पोटभर जेवले आणि मग मला त्याची इतकी लाज वाटली की उलटी झाली.

गेल्या आठवड्यात ठेकेदाराकडचा माणूस कागद घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. रेश्माला म्हणाला, "वहिनी, फक्त फॉरमॅलिटी आहे. फाइल क्लोज करायला." मी शेजारीच होते. कागद मी घेतला. त्यात लिहिलं होतं: मयताने आपला मानसिक आजार व त्यावरील औषधोपचार व्यवस्थापनापासून लपवून ठेवला होता. काम संपल्यानंतर मानसिक असंतुलनामुळे त्याची प्रकृती बिघडली. याबाबत कुटुंबीयांची कोणतीही तक्रार नाही. खाली पत्नीच्या सहीसाठी रेघ.

"यात थांबा कुठे आहे?" मी विचारलं.

"कसला थांबा, मॅडम?"

"त्याला वर येताना थांबू दिलं नाही, ते."

"ते मला माहीत नाही, मॅडम. मी ऑफिसचा आहे. पण गोळ्या खात होता हे तर खरं आहे ना? मग?"

मग. त्याने 'मग' असं म्हटलं की जणू तिथे सगळं संपतं. उंदराला ती गोळी दिली की त्याला प्रयोग म्हणतात, त्यावर निबंध लिहितात, लोक मान देऊन वाचतात. त्याच गोळीचं पाकीट तुझ्या खिशात सापडलं की बुडबुडे नाहीसे होतात, दोरी नाहीशी होते, शेठ नाहीसा होतो, आणि उरतं एक डोकं बिघडलेला माणूस, जो उगाच गटार गटार करत मेला. तू लपवायला नको होतंस, मी आजही तेच म्हणेन. त्या रकान्यामागे काही कारण असेल, तेही मी मान्य करीन. पण त्या रकान्याने तुझ्या अंगात बुडबुडे भरले नाहीत.

माझ्या कामात एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त छळते. चोरीला गेलेलं पुस्तक नाही, चुकीच्या कपाटात ठेवलेलं. ते नोंदीत असतं, इमारतीत असतं, कोणी म्हणत नाही हरवलं, आणि ते कधीच सापडत नाही. हे लोक तुला चुकीच्या कपाटात ठेवायला आले होते.

तो माणूस गेल्यावर रेश्मा म्हणाली, "ताई, करून टाकते सही. मला ते रोज रोज नको."

"केलीस तर त्यांनी लिहिलं तेच खरं होईल."

"खरं काय ते मला माहीत आहे ना? मीच त्यांची पँट बघत बसले होते, घाण लागलीय का म्हणून!" ती इतक्या मोठ्याने बोलली की शेजारच्या खिडकीतला टीव्ही बारीक झाला. "मीच रिक्षावाल्याला सांगितलं गटारात पडले म्हणून. मी सही केली काय आणि नाही केली काय."

मला तिला जवळ घ्यायला हवं होतं. ते मला येत नाही. मी पिशवीतून सोड्याची बाटली काढली, कॅम्प तीनमधून आणलेली. कशाला आणली होती, मलाच सांगता येत नाही. मी तिला ओट्यापाशी उभं केलं आणि झाकण केसाएवढं सैल केलं. सूं. "हा थांबा घेऊन आलेला विनू," मी म्हणाले. मग ते पुन्हा घट्ट लावलं, बाटली हलवली आणि झाकण एकदम उडवलं. फेस ओट्यावर, फेस तिच्या हातावर. ती बघत राहिली. फेस विरेपर्यंत बघत राहिली.

"असं झालं होतं त्यांच्या आत?"

"हो."

"आणि चेंबर?"

मी सांगितलं. झाकण परत लावणं म्हणजे चेंबर. तिने ओला हात पदराला पुसला आणि कागद माझ्या हातातून घेतला. पुन्हा वाचला, बोट ठेवून, एकेक ओळ. मग घडी घालून माझ्याकडे दिला.

पाटीलमामांनी काल पोलीस ठाण्यात जबाब दिला. मी सोबत गेले होते. लिहून घेणाऱ्या शिपायाने मध्येच थांबून विचारलं, "चेंबर म्हणजे गटाराचं ना?" मी म्हणाले, नाही, आणि अर्थ सांगितला. त्याने लिहिलेलं खोडलं आणि मी सांगितलं तसं लिहिलं. मी दोनदा वाचून घेतलं. या सगळ्याचं काय होईल मला माहीत नाही. शेठची गाडी अजून त्याच धरणावर जाते, मामांच्या जागी दुसरा माणूस दोरी धरतो, असं मामाच म्हणाले.

तुझ्या पाकिटात सहा गोळ्या उरल्या आहेत. उंदरांचा निबंध तुझ्या कपाटात सापडला, माझ्या रेघांसकट. ग्रंथालयात माझा फोन आता वाजता असतो. ठेकेदाराचा कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. रेघेवर सही नाही.